नववीत तीनदा नापास, आणि त्यानंतरची दहा वर्षं

‘मुलगा बारावी सायन्सला आहे. जळगावला खोली घेऊन राहतो, पण क्लास बुडवून मोबाईलवर अहिराणीत रॅप रेकॉर्ड करतो. कॉलेज सोडायचं म्हणतो. एमिनेम नववीत तीनदा नापास झाला, शाळा सोडूनच मोठा झाला, असं मला ऐकवतो. मी माहिती काढली, तर तो माणूस गोळ्या खाऊन मरता मरता वाचला असं निघालं. याचे वडील याच्याशी बोलणं सोडून बसलेत. सर, यात पोट भरतं का? याला कसं आवरू?’
– एक आई, अमळनेर तालुका

ताई, नमस्कार.

मुलाच्या वहीच्या पानाचा फोटो सोबत पाठवलात, ते फार बरं केलंत. त्यावर नंतर येतो.

मुलगा तुमच्याशी खोटं बोललेला नाही. अमेरिकन रॅपर मार्शल मॅथर्स, म्हणजे एमिनेम, नववीतच तीनदा अडकला आणि सतराव्या वर्षी शाळेतून बाहेर पडला. तुम्ही वाचलंत तेही खरंच आहे. डिसेंबर २००७ मध्ये मेथाडोन हे वेदनाशामक औषध जास्त झाल्यानं तो मरणाच्या दारातून परत आला. पण मुलानं त्या आयुष्यातलं नापास होणं तेवढं उचललं, तुम्हाला व्यसन तेवढं दिसलं. शाळा सुटल्यापासून नाव होईपर्यंत जवळपास दहा वर्षं गेली. त्या वर्षांबद्दल घरात कोणीच बोललेलं दिसत नाही.

त्या काळात तो डेट्रॉईटजवळच्या एका हॉटेलात स्वयंपाक करायचा, भांडी घासायचा. शनिवारी शहरातल्या एका कपड्यांच्या दुकानात रॅपर जमायचे. समोरासमोर उभं राहून यमकांत एकमेकांची उणीदुणी काढायची, ज्याला शब्द सुचला नाही तो हरला. तुम्ही खान्देशच्या आहात, आखाजीला गौराई घेऊन निघालेल्या पोरी गाण्यातून एकमेकींना कशा शिव्या घालतात ते तुम्हाला मी सांगायला नको. पहिला अल्बम १९९६ मध्ये आला. जेमतेम हजारभर प्रती खपल्या, आणि दुसऱ्यांची नक्कल करतोय असं लोक म्हणाले. घरात वर्षाची मुलगी होती. १९९७ मध्ये लॉस एंजेलिसच्या स्पर्धेत दुसरा आला. मग त्याची टेप डॉ. ड्रे या मोठ्या निर्मात्यापर्यंत पोचली आणि १९९९ च्या अल्बमनं त्याचं नाव झालं.

शाळेत त्याचं गणिताशी जमलं नाही, पण इंग्रजी आवडायचं, आणि शब्द वाढावेत म्हणून तो डिक्शनरी वाचत बसायचा. पुढे २०१० मध्ये एका टीव्ही मुलाखतीत त्यानं खोकी उघडून दाखवली. हॉटेलचे कागद, चिठ्ठ्या, कपटे, सगळ्यांवर बारीक अक्षरात जुळणारे शब्द. ‘ऑरेंज’ला यमक नाही असं म्हणतात, तर उच्चार वाकवून त्यानं तिथल्या तिथे चार-पाच यमकं जुळवून दाखवली. मुलाला सांगा, एमिनेमचं काही घ्यायचंच असेल तर हे घे.

आता ते पान. त्यात त्यानं कापसाच्या वेचणीवर लिहिलंय. ‘पऱ्हाटी’शी जुळवायला चार शब्द लिहून खोडलेत आणि पाचवा ठेवलाय. ताई, असं खोडणारा मुलगा टाइमपास करत नसतो. ओळी अजून कच्च्या आहेत, शेवटच्या दोन तर कुठल्या तरी हिंदी गाण्याच्या चालीवर घसरल्यात. पण मधल्या चार ओळी त्याच्याच आहेत.

तरीही कॉलेज सोडायला माझा ठाम विरोध आहे, आणि त्याचं कारण त्याच्याच कामाचं आहे. पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपटशिक्षणाच्या संस्थेत साउंड रेकॉर्डिंग आणि साउंड डिझाइनचा कोर्स आहे. त्याला पदवी लागते, आणि बारावीला फिजिक्स असण्याची अट असते. म्हणजे आज ज्या विषयाला तो कंटाळलाय, तोच उद्या स्टुडिओचं दार उघडेल. सायन्स नकोच झालं, तर बारावीनंतर पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात संगीत किंवा नाटकात बी.ए. करता येतं. अर्ज भरताना त्या त्या वर्षीच्या अटी मात्र वाचाव्यात.

पोट भरतं का? नुसत्या रॅपवर फार थोड्यांचं भरतं. अहिराणी गाण्यांना यूट्यूबवर कोट्यवधी व्ह्यूज मिळतात, हे त्यानं तुम्हाला सांगितलंच असेल. पण जाहिरातीचे पैसे सुरू व्हायलाच एक हजार सबस्क्रायबर आणि वर्षभरात चार हजार तासांचं पाहणं लागतं, आणि त्यानंतरही हातात येणारी रक्कम लहान असते. साउंड, मिक्सिंग, गीतलेखन, जाहिरातींची जिंगल यातलं एखादं काम हाताशी असेल तर गाणं टिकतं. आणखी एक. तो नेटवरून फुकटचे बीट, म्हणजे तयार ताल-संगीत, उचलत असेल, तर त्याखालची लायसन्सची अट आधी वाचायला लावा. कोणी गाणं मागितलं तर सह्या करण्याआधी कागद वकिलाला दाखवा. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकाराच्या रॉयल्टीचा वाटा राखलेला आहे. तो आयपीआरएस ही संस्था गोळा करून देते, पण त्यासाठी सभासद व्हावं लागतं.

व्यसनाची तुमची भीती मी हलक्यानं घेत नाही. एमिनेम झोपेच्या आणि वेदनाशामक गोळ्यांत अडकला तो नाव झाल्यावर, कामाच्या ताणात. २००६ मध्ये जिवलग मित्र गोळीबारात गेला आणि तो आणखी खचला. २० एप्रिल २००८ पासून तो व्यसनमुक्त आहे. तुमचा मुलगा रात्री कितीला झोपतो, जेवतो का, खोलीत सोबत कोण असतं, हे विचारा. विचारा म्हणजे उलटतपासणी घेऊ नका. काही वावगं वाटलं तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.

आणि वडिलांचं न बोलणं. या पत्रातली मला सगळ्यात जास्त टोचलेली गोष्ट ती आहे. एमिनेमनं गाण्यांतून आईची बदनामी केली, म्हणून १९९९ मध्ये आईनं त्याच्यावर एक कोटी डॉलरचा दावा लावला. तो पंचवीस हजारांवर मिटला, त्यातलेही बहुतेक वकिलाकडे गेले. २०१३ मध्ये त्यानं एका गाण्यातून आईची माफी मागितली. डिसेंबर २०२४ मध्ये ती माउली गेली. मधली कितीतरी वर्षं दोघांची अबोल्यात गेली.

म्हणून या रविवारी त्याला घरी बोलवा. वडिलांनी कॉलेजचा विषय न काढता ते कापसाचं गाणं एकदा पूर्ण ऐकावं. वेचणीबद्दल त्यानं काही चुकीचं लिहिलं असेल, तर तेवढंच सांगावं. शेती वडिलांना त्याच्यापेक्षा जास्त कळते, आणि त्या गाण्याला त्याची गरज आहे. मग बोर्डाची परीक्षा आणि सीईटी होईपर्यंत अभ्यास आधी, रोज एक तास वहीचा, रात्री अकरानंतर रेकॉर्डिंग बंद, असं तिघांनी मिळून ठरवा. त्या तासाला मात्र कोणी हात लावायचा नाही.

सीईटी झाली की मला त्यालाच लिहायला सांगा. सोबत गाण्याची लिंक नको, वहीची खोडाखोड केलेली पानं पाठवू दे.