नर्सरीला जाण्याआधी घरी काय करून घ्यावं

ताई, एबीसीडी आणि अंक आत्ता बाजूला ठेवा. ते शिकवायला शाळा आहेच. आपल्या विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटाकडे उघडतात. हा वेळ तीन गोष्टींना द्या.

१. शू-शी सांगता येणं. घरचा काही खास शब्द असेल तर तो टीचरना आधीच सांगून ठेवा. इलॅस्टिकची चड्डी घाला, बटण-चेन नको.

२. स्वतःच्या हातानं खाणं. शाळेचा डबा आजच आणा आणि घरीही त्यातच पोळीचा रोल द्या. झाकण लेकरालाच उघडू द्या. सांडेल, सांडू द्या. मोबाईल दाखवून भरवत असाल तर ती सवय सगळ्यात आधी सोडवा, तिलाच जास्त दिवस लागतात.

३. तुमच्याशिवाय राहणं. आजीजवळ अर्धा तास, मग दोन तास.

उन्हाळ्यात कूलरसमोर रात्री उशिरापर्यंत जागरण चालतं. शाळेच्या पंधरा दिवस आधीपासून झोपेची वेळ मागे आणा.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे लेकराची नजर चुकवून शाळेतून निघून येणं. त्यानं विश्वासच उडतो. "डबा खाऊन झाला की मी येते," असं सांगा, टाटा करा, निघा आणि खरंच वेळेवर पोचा. "टीचर मारतील" ही धमकी घरात कुणीच, आजोबांनीही, द्यायची नाही.

सुरुवातीचे काही दिवस लेकरू रडेल. घाबरू नका, बहुतेक मुलं हळूहळू रुळतात. पेन्सिल धरणं, अक्षरं गिरवणं यांचं दिवाळीनंतर विचारा, तेव्हा सविस्तर सांगेन.