स्टुडिओच्या आधी फीचा तक्ता

डोंबिवलीच्या एका ताईंचं पत्र आलंय. वय 34, कथक विशारद (प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा चढत्या परीक्षांतली वरची पातळी). घरच्या हॉलमध्ये 32 मुली शिकतात, फी सगळ्यांना सारखीच, महिना 900 रुपये. आता स्टेशनजवळ 600 चौरस फुटांचा गाळा मिळतोय. भाडं 28,000, डिपॉझिट दीड लाख. लाकडी फ्लोअरिंग, आरसे, साउंड आणि एसीचं कोटेशन साडेतीन लाखांचं. तिथे कथकबरोबर बॉलिवूड, कंटेम्पररी, साल्सा आणि झुंबा सुरू करायचंय. हे प्रकार बाहेरचे शिक्षक फीतला निम्मा वाटा घेऊन शिकवतील. पैसे 7 लाखांच्या एफडीतून. घरखर्च 45,000, गृहकर्जाचा हप्ता 38,000, मिस्टरांची खासगी नोकरी. एफडी मोडू का, असं विचारलंय.

ताई, आत्ता मोडू नका. स्टुडिओ काढूच नका असं मी म्हणत नाही, पण ही एफडी त्यासाठी नाही. हप्ता आणि घरखर्च मिळून महिन्याला 83,000 होतात. मिस्टरांची नोकरी सहा महिने थांबली तर 5 लाख लागतील. म्हणजे 7 लाखांपैकी 5 लाख घराचे आहेत. धंद्यासाठी तुमच्या हातात खरे 2 लाखच आहेत.

आता गाळ्याचा हिशेब. भाडं 28,000, लाइट बिल 5,000, साफसफाई आणि किरकोळ 3,000. दर महिन्याला 36,000. कथकची फी आज घरात येते, तिला हात लावायचा नाही असं धरू. नव्या प्रकारांची फी 1,500 ठरवलीत, त्यातले 750 तुमचे. फक्त खर्च भागवायला 48 जण लागतील, आणि तेही टिकणारे. मार्चमध्ये शाळेच्या परीक्षा, मे महिन्यात गावी जाणं, मग गणपती, दिवाळी. या दिवसांत बॅचेस निम्म्यावर येतात हे तुम्ही घरीच बघता. घरी असताना ते चालून जातं, पण गाळ्याचं भाडं मात्र बारा महिने भरावं लागतं.

तुम्ही पाठवलेलं पत्रक मी नीट वाचलं. पाच प्रकार, प्रत्येकात बिगिनर, इंटरमीजिएट आणि अॅडव्हान्स्ड. म्हणजे 15 बॅचेस. प्रत्येकीला आठवड्याला दोन तास धरले तर 30 तास झाले. हॉल एकच, आणि शाळा-ऑफिस सुटल्यावर लोक येणार संध्याकाळी 5 ते 9, सहा दिवस. ते भरतात 24 तास. झुंबा सकाळी ढकललं तरी संध्याकाळचे सगळे 24 तास संपतात, विशारदच्या मुलींच्या जादा रियाझाला एक तासही उरत नाही. शिवाय साल्साच्या अॅडव्हान्स्ड बॅचला चारजण आले तरी ते हॉल तितकाच वेळ अडवणार. आणखी एक, झुंबा हे नोंदणीकृत नाव आहे. लायसन्स असलेला इन्स्ट्रक्टर नसेल तर ते पत्रकावर छापू नका.

मला खरी अडचण तुमच्या आजच्या फीत दिसते. प्रारंभिकच्या 14 मुली, महिन्याला आठ तास, फी 12,600. तासाला 1,575 रुपये. विशारदच्या दोघी, महिन्याला बारा तास, फी 1,800. तासाला 150 रुपये. प्रारंभिकला तत्कार (पायांचं मूळ काम), हस्तक (हातांच्या हालचाली) आणि तीनतालाच्या सोळा मात्रा हातावर धरायला शिकवता. विशारदला तुम्ही समोर बसून पढंत (ताल धरून बोल म्हणणं) करून घेता, एकेका तिहाईची, म्हणजे तीनदा म्हटल्या जाणाऱ्या तुकड्याची, सम (तालाची पहिली मात्रा) दहा-दहा वेळा तपासता, अभिनयाच्या एका ओळीवर अख्खी संध्याकाळ घालवता. तुमचं सगळ्यात कसलेलं काम सगळ्यात स्वस्तात जातंय.

वरच्या परीक्षांना मुली कमी होणारच. शास्त्रीय नृत्याच्या परीक्षांचे वाढीव गुण दहावीला मिळतात, त्यामुळे पालक तोवर पाठवतात, मग अकरावी आणि क्लासेस सुरू होतात. म्हणून फी पातळीप्रमाणे लावा. प्रारंभिक 900 तशीच राहू दे. प्रवेशिकेच्या 11 मुलींना 1,100, मध्यमाच्या पाचजणींना 1,500, विशारदला 2,500. एकूण 28,800 चे 37,200 होतात. महिन्याला 8,400 जास्त, वर्षाला लाखाच्या वर, एफडीला हात न लावता.

तुम्ही लिहिलंय, ‘त्या दोघी सात वर्षं माझ्याकडे आहेत, जास्त फी मागायला जीभ रेटत नाही.’ समजतं मला. आणि अशा मुलीला पैशावाचून घरी बसवू नये असं मलाही मनापासून वाटतं. ज्या घराला जमणार नाही तिथे पूर्ण माफी द्या, पण वहीत ‘फी 2,500, माफ 2,500’ असं लिहा. आपण किती देतोय ते दिसलं पाहिजे. वाढ जूनपासून करा आणि पालकांना एप्रिल-मेच्या परीक्षांआधीच सांगा.

माझ्याकडे येणाऱ्या एका भरतनाट्यमच्या शिक्षिकेने पहिल्या मजल्यावर जागा घेतली होती. पाचव्या महिन्यात खालच्या मजल्यावरच्यांनी पायांच्या आवाजाची लेखी तक्रार केली आणि जागा सोडावी लागली. आरसे भिंतीला चिकटवलेले, काढताना दोन फुटले. फ्लोअरिंग तिथेच राहिलं. डिपॉझिट परत मिळालं, पण बसवलेल्या वस्तूंचे पैसे बुडाले. तुमच्याकडे तर एकेका पायात शंभर-शंभर घुंगरू. गाळ्याच्या खाली आणि शेजारी कोण आहे ते विचारा, सोसायटीचं ना हरकत पत्र लेखी घ्या, आणि करार नोंदवताना लॉक-इन, म्हणजे जागा मध्येच सोडता न येण्याची मुदत, किती महिन्यांचा आहे ते स्वतः वाचा.

जीएसटीची काळजी आत्ता नको. उलाढाल नोंदणीच्या 20 लाखांच्या मर्यादेच्या आत आहे, आणि व्यक्ती म्हणून दिलेल्या कलाशिक्षणाला सूटही आहे. झुंबासारख्या व्यायामाच्या वर्गाला ती गृहीत धरू नका.

मग नवं काहीच नको का? हवं, पण एकच. तुमच्याकडे येणाऱ्या आया बॉलिवूड विचारतात असं तुम्हीच लिहिलंय. जवळच्या शाळेचा किंवा मंडळाचा हॉल शनिवार-रविवार तासावर घ्या आणि सहा आठवड्यांची एक बिगिनर बॅच लावा. फी आगाऊ. बॅच संपल्यावर पुढच्या सहा आठवड्यांचे पैसे कितीजणी भरतात ते मोजा. वीसातल्या बाराजणी परत आल्या तर दुसरी बॅच. अशा तीन बॅचेस वर्षभर टिकल्या की गाळ्याचं पुन्हा बोलू. वाढीव फीचे 8,400 दर महिन्याला वेगळ्या रिकरिंगमध्ये टाका. डिपॉझिट त्यातूनच उभं राहील.

ऑगस्टमध्ये मला दोनच आकडे कळवा: नव्या फीनंतर किती मुली राहिल्या, आणि बॉलिवूडच्या बॅचमधल्या किती परत आल्या.