कुलूप न बघता कुलपाविषयी बोलण्याची नोकरी

अणुसुरक्षा, म्हणजे अणुपदार्थ आणि अणुकेंद्रं चोरी-घातपातापासून राखणं, हा विषय घेऊन सरकारी नोकरीतली चौदा वर्षं मी देशाबाहेर काढली. त्यातली सर्वांत लांब पोस्टिंग व्हिएन्नात होती. मागच्या वेळी या कामाबद्दल ओझरतं लिहिलं आणि प्रश्नांचा ढीग पडला. निम्म्या वाचकांना हवी होती ती गुपितं. ते प्रश्न वाचून मजा आली आणि बाजूला ठेवले. उरलेल्यांतले काही आज घेतो.

प्रश्न : मी भौतिकशास्त्रात एमएस्सी करते आहे. या कामात शिरायला अणुभौतिकी लागते की आंतरराष्ट्रीय संबंध? आणि तुम्ही दिवसभर नेमकं करता काय?

दोन्हीकडची माणसं येतात आणि दोघांनाही दुसऱ्याचं अर्धं दुकान शिकून घ्यावं लागतं. कायदेवाल्याला एवढं तरी कळायला हवं की संशोधन अणुभट्टीतलं वीस टक्क्यांहून अधिक समृद्ध केलेलं (म्हणजे युरेनियम-२३५ चं प्रमाण तेवढं वाढवलेलं) युरेनियम आणि वीजकेंद्रातलं चार-पाच टक्क्यांचं इंधन यांच्याकडे चोर वेगवेगळ्या नजरेने बघतो. अशा अतिसमृद्ध युरेनियममधलं युरेनियम-२३५ पाच किलो किंवा त्याहून जास्त भरलं, किंवा प्लुटोनियम दोन किलो झालं, की ते पहिल्या वर्गात जातं आणि सगळ्यांत कडक पहारा मागतं. हे आकडे झोपेतून उठवलं तरी सांगता आले पाहिजेत. भौतिकीवाल्यांची अडचण उलटी. त्यांना उत्तर माहीत असतं आणि ते पहिल्याच बैठकीत देऊन मोकळे होतात. समोरच्या देशाला तिथवर स्वतःच्या पायांनी चालत यायचं असतं, हे अंगवळणी पडायला मला स्वतःला दोन वर्षं लागली.

दिवसाचं म्हणाल तर सकाळी मंत्रालयाच्या सूचना वाचायच्या, ज्या बहुधा काल रात्रीच्या बैठकीमुळे शिळ्या झालेल्या असतात. मग आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेत जायचं. तिच्या ३५ सदस्यांच्या नियामक मंडळाच्या बैठका वर्षातून साधारण पाच वेळा भरतात आणि सप्टेंबरात सर्वसाधारण परिषद. त्या आठवड्यांत घरी फक्त झोपायला जायचं. दर वर्षी अणुसुरक्षेचा ठराव येतो. मसुदा पडद्यावर असतो आणि ज्या शब्दांवर एकमत नाही ते चौकटी कंसांत. एकदा ‘स्वागत करते’ म्हणायचं की ‘नोंद घेते’ यावर आम्ही सव्वातीन तास घालवले. ‘स्वागत’ म्हटलं की पुढच्या वर्षी त्याच कामाला पैसे मागता येतात, ‘नोंद घेते’ म्हटलं की फाइल बंद. शब्द एवढासा, पण एका देशाचं प्रशिक्षण केंद्र त्यावर अडलेलं होतं. शेवटी कंस काढायला सगळे तयार झाले ते दुभाष्यांची वेळ संपत आली म्हणून. हे मी गमतीने लिहीत नाही. दुभाषी उठले की बैठक संपते, आणि मुरलेले अध्यक्ष हे घड्याळ बरोबर वापरतात.

प्रश्न : वर्तमानपत्रांत ‘अणुसुरक्षा’ हा शब्द कधी अपघाताबद्दल असतो, कधी दहशतवाद्यांबद्दल. दोन्ही एकच का?

एक नाहीत. यंत्र बिघडलं, भूकंप आला, माणूस चुकला आणि किरणोत्सार बाहेर पडला, तर प्रश्न सुरक्षिततेचा. कुणी जाणूनबुजून चोरी, घातपात किंवा घुसखोरी केली, तर तो सुरक्षेचा. तिसरी गोष्ट सेफगार्ड्स. तिथे संशय चोरावर नसून खुद्द सरकारवर असतो: नागरी कामासाठीचा माल बॉम्बकडे तर वळवत नाही ना? निरीक्षक येऊन हिशेब तपासतात ते या तिसऱ्या कामासाठी. माझं काम यांतलं दुसरं, सुरक्षेचं.

मराठीत हा गोंधळ होतो म्हणून वाईट वाटून घेऊ नका. स्पॅनिशमध्ये ‘सेगुरिदाद’ आणि रशियनमध्ये ‘बेझोपास्नोस्त’ हा एकच शब्द दोन्ही अर्थांनी चालतो, म्हणून सुरक्षेसाठी त्याच्यामागे ‘भौतिक’ असं विशेषण लावावं लागतं. फ्रेंचमध्ये ‘स्युर्ते’ म्हणजे सुरक्षितता आणि ‘सेक्युरिते’ म्हणजे सुरक्षा. माझ्या पहिल्याच वर्षी एका कार्यशाळेत भाषांतरात हे विशेषण गळलं. आम्ही सशस्त्र पहाऱ्याबद्दल बोलायला गेलो, आणि समोर यजमानांचे अग्निशमन अधिकारी वह्या उघडून बसलेले. पूर्ण सकाळ गेली. तेव्हापासून कुठल्याही दौऱ्याआधी तीस-चाळीस शब्दांची यादी दुभाष्याबरोबर बसून पक्की करायची सवय लावून घेतली.

प्रश्न : दुसऱ्या देशाच्या कुंपणात डोकावण्याचा अधिकार तुम्हा लोकांना दिला कोणी? आधी आपापलं घर बघा की!

अधिकार कोणीच दिलेला नाही, आणि हेच या कामाचं मर्म आहे. अणुपदार्थांच्या भौतिक संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय करारात २००५ साली जी दुरुस्ती झाली, तिच्यात स्पष्ट लिहिलंय की अशी व्यवस्था उभारणं, राबवणं आणि टिकवणं ही जबाबदारी ‘सर्वस्वी’ त्या त्या देशाची. या एका शब्दामुळे कितीतरी देश सही करायला तयार झाले, आणि याच शब्दामुळे मला कुठल्याही फाटकापाशी बोलावल्याशिवाय उभं राहता येत नाही. भौतिक संरक्षणाची पाहणी करणारी सल्लागार पथकं संस्था १९९५ पासून पाठवते, तीही देशाने विनंती केली तरच. अहवाल त्या देशाच्या हातात. छापायचा की कपाटात ठेवायचा हे तोच ठरवणार.

मग गाडं पुढे जातं कसं? एक प्रसंग सांगतो, देश सांगत नाही. जुनी संशोधन अणुभट्टी, यजमान अत्यंत अगत्यशील, पण पहारेकऱ्यांची खोली दाखवायला साफ नकार. बरोबरच होता तो. पहाऱ्याची रचना परक्याला दाखवायची नसते, मीही दाखवली नसती. मी विचारलं, “रात्रपाळीचा माणूस ऐन वेळी आजारी पडला तर त्याच्या जागी कोण येतो?” सुरक्षाप्रमुखांनी त्यांच्या सहायकाकडे पाहिलं, सहायकाने खिडकीबाहेर. दोघं बराच वेळ काही बोलले नाहीत. मी चहाचा विषय काढला. चार महिन्यांनी त्यांच्याकडून पत्र आलं: मनुष्यबळ नियोजनावर प्रशिक्षण मिळेल का? खोली मी आजवर पाहिलेली नाही.

आता ‘आपलं घर बघा’. अगदी मान्य. २८ जुलै २०१२ च्या पहाटे अमेरिकेत ओक रिज इथल्या वाय-१२ या अण्वस्त्र संकुलात तीन शांतता कार्यकर्ते शिरले. त्यांतल्या एक ८२ वर्षांच्या ख्रिस्ती जोगीण (नन) होत्या. कुंपणं कापत ते थेट अतिसमृद्ध युरेनियम साठवलेल्या इमारतीच्या भिंतीपर्यंत पोहोचले आणि तिच्यावर घोषणा रंगवल्या. खोटे इशारे इतक्या वेळा वाजत की खरा वाजला तेव्हा कुणी घाईच केली नाही, आणि काही कॅमेरे बंदच होते. ऑगस्ट २०१४ मध्ये बेल्जियममधल्या डूल-४ अणुभट्टीच्या टर्बाइनचं वंगण तेल कुणीतरी मुद्दाम सोडून दिलं. अणुभट्टी काही महिने बंद राहिली. तिथे तर कुंपणाचा संबंधच नव्हता. संशय गेला तो आतल्याच माणसावर. श्रीमंत, जुने, सगळं येत असलेले देश हे. मी या दोन गोष्टी प्रत्येक कार्यशाळेत पहिल्या तासाला सांगायचो. समोरची माणसं सैल व्हायची आणि दुपारपर्यंत स्वतःच्या नादुरुस्त कॅमेऱ्यांबद्दल बोलू लागायची.

प्रश्न : धोकादायक युरेनियम एका देशातून विमानाने उचलून नेतात असं ऐकलं. खरंच होतं असं?

होतं. सर्वांत गाजलेली मोहीम १९९४ ची, ‘प्रोजेक्ट सफायर’. सोव्हिएत संघ कोसळल्यावर कझाकस्तानातल्या उल्बा कारखान्यात सुमारे ६०० किलो अतिसमृद्ध युरेनियम पडून होतं. दोन सरकारांमध्ये गुपचूप बोलणी झाली, ३१ अमेरिकी तज्ज्ञांचं पथक तिथे राहून आठवडेच्या आठवडे मालाची पुन्हा बांधणी करत होतं, आणि नोव्हेंबरात मोठ्या लष्करी विमानांनी तो माल अमेरिकेत उतरला आणि तिथून ट्रकने टेनेसीत पोहोचला. सगळं पार पडल्यावरच जाहीर झालं. माझ्या मते त्यातलं मोठं कौशल्य विमानांचं नव्हतं. एका नव्या सरकारने ‘आमच्याकडे हे आहे आणि आम्हाला ते सांभाळायचं नाही’ असं बोलून दाखवलं, आणि समोरच्याने ते ऐकून गाजावाजा केला नाही.

चिलीची गोष्टही सांगण्याजोगी आहे. फेब्रुवारी २०१० मध्ये तिथलं अतिसमृद्ध युरेनियम, सुमारे १८ किलो, पाठवायची तयारी चालू असतानाच २७ तारखेला ८.८ तीव्रतेचा भूकंप झाला. बंदराचं नियोजन नव्याने करावं लागलं, तरी मार्चमध्ये जहाज निघालं. अशा वेळी तज्ज्ञाचं काम काय, तर फोन. कस्टम्स, बंदर, विमा, पोलीस, परराष्ट्र खातं, वाटेतले देश, आणि या सगळ्यांना पुरेसं सांगायचं पण जास्त सांगायचं नाही.

प्रश्न : भौतिक संरक्षणाचा १९८० चा करार, २००५ ची दुरुस्ती, २०१६ ला अंमल. एवढा वेळ? मग तुमच्या चर्चांचा उपयोग काय?

चिडणं रास्त आहे, मीही चिडायचो. मूळ करार प्रामुख्याने एका देशातून दुसऱ्या देशात जाणाऱ्या मालापुरता होता. देशाच्या आत साठवलेला, वापरातला माल आणि अणुकेंद्रांवरचा घातपात दुरुस्तीने त्याच्या कक्षेत आला. पण ती लागू व्हायला दोन-तृतीयांश सदस्य देशांची मान्यता हवी होती, आणि ती पूर्ण होऊन ८ मे २०१६ उजाडला. अकरा वर्षं. या काळात खरा अडथळा विरोधाचा फार कमी ठिकाणी होता. बहुतेक ठिकाणी संसदेच्या कार्यक्रमपत्रिकेवर हा विषय वरच येत नव्हता. अणुभट्टी नसलेल्या देशाला वाटायचं, आमचा काय संबंध? त्यांना मी ब्राझीलमधल्या गोयानियाची हकीकत सांगायचो. १९८७ साली तिथल्या सोडून दिलेल्या रुग्णालयातून किरणोपचाराच्या यंत्राचा भाग दोघांनी भंगारासाठी उचलला. आत सीझियम-१३७ ची पूड, अंधारात निळसर चमकणारी. लोकांनी ती कौतुकाने घरोघरी वाटली. चार जण दगावले, सुमारे १ लाख १२ हजार लोकांची तपासणी करावी लागली. करारातले अणुपदार्थ वेगळे, हे मला माहीत होतं आणि ऐकणाऱ्यालाही. पण कर्करोगाचं रुग्णालय प्रत्येक देशात असतं, आणि फाइल हलायला तेवढं पुरायचं.

प्रश्न : मुलगा या कामासाठी परदेशी जातोय. किरणोत्साराची भीती वाटते.

काकू, त्याचा बहुतेक वेळ बैठकीच्या खोल्यांत जाणार. केंद्रांच्या भेटीत छातीला डोसमापक लावतात आणि नोंद ठेवतात. लांबच्या विमानप्रवासात उंचावर मिळणारा किरणोत्सार मला अनेकदा त्या भेटीपेक्षा जास्त भरायचा. त्याच्या पाठीची आणि झोपेची काळजी करा.

प्रश्न : माझ्या नवऱ्याची निवड झाली आहे. घरी तो काही सांगणार नाही म्हणतो. असं किती वर्षं चालतं?

नोकरी असेतोवर, आणि काही बाबतींत नंतरही. पण ‘काही सांगणार नाही’ हे नवशिक्याचं बोलणं आहे. कुठे जातो, कधी परततो, कुणाशी भांडण झालं, कुठल्या अध्यक्षाने सगळ्यांना ताटकळत ठेवलं, हे सांगता येतं. कुठल्या केंद्रात काय उणं आढळलं, हे नाही. ही रेघ त्याने पहिल्या महिन्यातच तुम्हाला समजावून द्यावी, म्हणजे प्रत्येक गप्प बसण्यात तुम्हाला भलतं काही दिसणार नाही. आमच्या घरी ती रेघ आखायला मी उशीर केला आणि बायकोने दीड वर्ष माझ्या मौनाचा अर्थ लावण्यात घालवला.

त्याच्याइतकीच चौकशी स्वतःची करा. मुत्सद्दी अधिकाऱ्याच्या कुटुंबीयांना १९६१ च्या व्हिएन्ना कराराने संरक्षण मिळतं, नोकरीची परवानगी मात्र त्यातून आपोआप मिळत नाही. ती दोन देशांमधल्या वेगळ्या समझोत्यावर अवलंबून असते. तो आहे का, हे निघण्याआधी लेखी विचारून घ्या. आणि त्याला गोपनीय कामाचा सुरक्षा-परवाना मिळवताना त्याच्याबरोबर तुमचीही चौकशी होईल: नातेवाईक, कर्जं, परदेशी मित्र. लपवाछपवी करू नका. थकलेल्या कर्जामुळे अडलेले मी कमी पाहिले, ते लपवल्यामुळे अडलेले जास्त.

प्रश्न : खरं सांगा, तुम्ही हेर होता ना?

असतो तरी नाहीच म्हणालो असतो, नव्हतो तरी नाहीच म्हणतोय, तेव्हा या प्रश्नाचा तुम्हाला उपयोग नाही. यजमानांच्याही मनात तो असतोच. म्हणून काही पथ्यं पाळायची. फोन फाटकाबाहेर, फोटो नाही, टिपणं उघड्या वहीत, आणि निघताना वही त्यांच्यापुढे ठेवायची. एका ठिकाणी त्यांनी ती पानापानाने चाळली, आपसात कुजबुजले आणि एक पान सुबक फाडून ठेवून घेतलं. त्यावर माझ्या तीन दिवसांच्या टॅक्सीभाड्याचा हिशेब होता. ते पैसे मला खात्याकडून कधीच परत मिळाले नाहीत.