हॅशमॅपमधला आकडा वाढवला तरी जुनाच का राहतो, आणि लिस्ट मात्र पुट न करताच कशी बदलते?

तुमचा कोड वाचला. मजकुरातले शब्द मोजायला तुम्ही जावाचा हॅशमॅप (की आणि व्हॅल्यू अशा जोड्या साठवणारा मॅप) घेतलाय: की म्हणजे शब्द, व्हॅल्यू म्हणजे इंटिजर (पूर्णांक). गेट करून (मॅपमधून वाचून) आकडा ‘संख्या’ या व्हेरिएबलमध्ये घेता, संख्या++ करता, आणि छापताना प्रत्येक शब्दापुढे 1. दुसऱ्या मॅपमध्ये तो शब्द कोणकोणत्या ओळींत आला याची लिस्ट आहे. तिथे नुसतं गेट करून अ‍ॅड केलं तरी नोंद होते. मग एकीकडे पुट (मॅपमध्ये परत ठेवणं) लागतं आणि दुसरीकडे का नाही?

फरक मॅपमध्ये नाही, तुम्ही आत काय ठेवलंय त्यात आहे. हॅशमॅप प्रत्येक कीसमोर एक रेफरन्स सांभाळतो, म्हणजे वस्तूचा पत्ता म्हणा. गेट तुम्हाला त्या पत्त्याची नक्कल देतो. लिस्टचा पत्ता मिळाला की त्या पत्त्यावर जाऊन तुम्ही लिस्टमध्ये भर घालता. मॅपकडेही तोच पत्ता आहे, त्यामुळे त्यालाही भर दिसते. इंटिजरचं तसं नाही, तो एकदा तयार झाला की बदलता येत नाही. संख्या++ म्हणजे जुन्यातला आकडा वाचायचा, एक मिळवायचा, आणि तुमच्या व्हेरिएबलमध्ये नवा आकडा ठेवायचा. मॅपला यातलं काहीच कळत नाही, तो जुन्याच इंटिजरला धरून बसलेला असतो. मजकुराची स्ट्रिंग, दशांश आकड्यांचा बिगडेसिमल, तारखेचा लोकलडेट यांचीही हीच गत. स्ट्रिंगचं टूअपरकेस (सगळी अक्षरं कॅपिटल) करून परत पुट करायला विसरणं हा याच चुकीचा जुळा भाऊ.

म्हणजे आकड्यांच्या मॅपमध्ये नवी व्हॅल्यू परत ठेवावीच लागणार. साधा मार्ग असा (‘मोजणी’ हे मॅपचं नाव; मेथडची नावं इथे देवनागरीत लिहितोय, एडिटरमध्ये अर्थातच रोमन लिपीत):

मोजणी.पुट(शब्द, मोजणी.गेटऑरडिफॉल्ट(शब्द, 0) + 1);

नुसतं गेट वापरलंत तर पहिल्यांदाच आलेल्या शब्दासाठी नल (म्हणजे काहीच नाही) मिळेल, आणि त्यात एक मिळवायला गेलात की नलपॉइंटरएक्सेप्शन ही चूक येईल. मी स्वतः मात्र हे लिहितो:

मोजणी.मर्ज(शब्द, 1, इंटिजर::सम);

शब्द नसेल तर 1 ठेव, असेल तर जुना आकडा आणि 1 यांची बेरीज ठेव. 2014 साली जावा 8 आलं तेव्हापासून या दोन्ही मेथड आहेत, त्यामुळे जुन्या पुस्तकातला कंटेन्सकी (की मॅपमध्ये आहे का) तपासणारा चार ओळींचा इफ-एल्स आता लिहायची गरज नाही. मर्जची एक खोड मात्र ध्यानात ठेवा: तिला दिलेल्या फंक्शनने नल परत केला तर ती नोंदच मॅपमधून काढून टाकली जाते. शून्यावर आलेल्या नोंदी पुसायच्या असतील तेव्हा मी हे मुद्दाम वापरतो.

लिस्टच्या मॅपसाठी (त्याचं नाव ‘ओळी’ धरू) कम्प्यूटइफअ‍ॅब्सेंट घ्या: ओळी.कम्प्यूटइफअ‍ॅब्सेंट(शब्द, क -> न्यू अ‍ॅरेलिस्ट<>()).अ‍ॅड(ओळक्रमांक). इथे बरेच जण नाव सारखं दिसतं म्हणून पुटइफअ‍ॅब्सेंट लिहितात आणि फसतात. की आधी नसेल तर पुटइफअ‍ॅब्सेंट नल परत करतो, त्यामुळे पुढचं .अ‍ॅड नेमकं पहिल्याच वेळी कोसळतं. शिवाय लिस्ट लागो न लागो, दर वेळी नवी तयार होते ती वेगळीच. आणि कम्प्यूटइफअ‍ॅब्सेंटला दिलेल्या फंक्शनच्या पोटात त्याच मॅपला हात लावू नका. जावा 9 पासून हॅशमॅप अशी गडबड ओळखून एक्सेप्शन फेकतो, जावा 8 मध्ये ती गुपचूप खपून जाऊ शकायची.

सगळ्याच व्हॅल्यू बदलायच्या असतील तर रिप्लेसऑल आहे, किंवा एंट्रीसेटवर (सगळ्या नोंदींच्या संचावर) लूप लावून एंट्री.सेटव्हॅल्यू. हॅशमॅपवर लूप चालू असताना आधीपासून असलेल्या कीची व्हॅल्यू बदलणं चालतं. नवी की घातलीत तर मात्र पुढच्या फेरीला बहुधा कॉन्करंटमॉडिफिकेशनएक्सेप्शन, म्हणजे लूप चालू असताना मॅप बदलल्याची चूक.

व्हॅल्यूबद्दल एवढं बोललो, पण माझा अर्धा दिवस गेला होता तो कीपायी. की म्हणून मी स्वतःचा क्लास वापरला होता, ईक्वल्स (दोन वस्तू सारख्या आहेत का) आणि हॅशकोड (वस्तूवरून काढलेला आकडा, हॅश) दोन फील्डवरून काढलेले. नोंद मॅपमध्ये गेल्यावर दुसऱ्याच कुठल्या मेथडमध्ये त्यातलं एक फील्ड बदललं जात होतं. मॅप छापला तर नोंद डोळ्यांसमोर, कंटेन्सकी विचारलं तर फॉल्स! हॅशमॅप की घालतानाचा हॅश जपून ठेवतो आणि त्यावरून बकेट (नोंद ठेवायचा कप्पा) ठरवतो. की नंतर बदलली तरी नोंद तिथेच राहते, शोध मात्र नव्या हॅशने होतो. तेव्हा व्हॅल्यू बदलणारी असली तरी चालेल, की न बदलणारीच हवी.

पुढे हाच प्रोग्रॅम अनेक थ्रेडवर (एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या धाग्यांवर) चालवणार असाल तर त्यासाठीच बनवलेला कॉन्करंटहॅशमॅप घ्या, पण नुसता घेऊन भागत नाही. गेट सुरक्षित, पुट सुरक्षित, पण दोहोंच्या मधल्या फटीत दुसरा थ्रेड शिरतो: दोघे 5 वाचतात, दोघे 6 लिहितात, एक मोजणी हरवते. तिथे मर्ज वापरायचं खरं कारण हेच, कॉन्करंटहॅशमॅपमध्ये तो अख्खा एका दमात होतो. साध्या हॅशमॅपवर मर्ज लिहिलंत तर अशी हमी नाही.

इतर भाषांत मांडणी वेगळी. गो आणि सी++ मध्ये म[शब्द]++ थेट चालतं, कारण नसलेली व्हॅल्यू शून्य धरली जाते. फक्त सी++ मध्ये चौकोनी कंसाने नुसतं वाचलं तरी नवी नोंद तयार होते, ‘आहे का’ एवढंच बघायला गेलात तरी मॅप फुगतो.

आता तुमच्या कोडची शेवटची ओळ, जिच्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही. दोन शब्दांची संख्या सारखी आहे का हे तुम्ही दोन गेट == ने जोडून तपासलंय. तीही पत्त्यांचीच तुलना आहे. -128 ते 127 मधले इंटिजर जावा आपोआप बनवताना तेच ते पुन्हा वापरते, म्हणून छोट्या मजकुरावर उत्तर बरोबर येईल. एखादा शब्द 128 वेळा आला की दोन्ही आकडे सारखे असूनही सहसा फॉल्स मिळेल. तिथे ईक्वल्स लिहा.