ट्रॅकचे ब्रेक पॅड रोज वापरू नकोस रे
अरे भावा, कोइंबतूरच्या करी स्पीडवे रेस ट्रॅकवर जायचंय म्हणून रेसिंग पॅड आत्ताच टाकून रोज ऑफिसला जाऊ नकोस, थंड असताना ते नीट पकडतच नाहीत, सकाळी पहिल्याच सिग्नलला पोटात गोळा येतो, वर किंचाळतात आणि डिस्क खातात ते वेगळंच. आदल्या दिवशी बदल. मग मोकळ्या रस्त्यावर बेड-इन कर, म्हणजे नवे पॅड डिस्कवर नीट बसव, ८०-९० वरून २० पर्यंत आठ-दहा वेळा जोरात ब्रेक, पण पूर्ण थांबायचं नाही, गरम पॅडचा डिस्कवर छाप बसतो न मग पेडल थरथरतं (मी केलंय हे, विचारू नकोस). आणि ब्रेक फ्लुइड! डॉट ४ ग्रेडचं नवं असताना किमान २३० डिग्रीला उकळतं, पाणी शोषलं की १५५ पर्यंत उतरू शकतं, मग पॅड कितीही भारी घे, पेडल स्पंजसारखं होणारच.