पावसाळ्यात रायफलची काडतुसं

पोरा, परवाना झाला, रायफल आली, आता काडतुसांकडं बघ. बेळगावजवळच्या खानापूर, जांबोटीकडचा पाऊस आणि दमट हवा पितळ खाते. चामड्याच्या पट्ट्यात काडतुसं कधीच ठेवून द्यायची नाहीत. कमावलेल्या कातड्यातल्या आम्लानं पितळेवर हिरवा चिकट थर चढतो. पट्टा फक्त रानात जाताना बांध, घरी आल्यावर काडतुसं काढून मोकळा कर.

दुसरी गोष्ट नजरेला दिसत नाही, म्हणून जास्त जपायची. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या काडतुसात पुंगळीच्या, म्हणजे दारू भरलेल्या पितळी नळीच्या, मानेचं पितळ आणि गोळीवरचं तांबं एकमेकांना घट्ट धरतात. गोळी सहज सुटत नाही, आतला दाब वाढतो, नेमही बिघडतो. परदेशात वापरलेल्या पुंगळ्या घरी पुन्हा भरणारे नेमबाज यासाठीच मान आतून लख्ख करत नाहीत. काजळीचा पातळ थर राहू देतात, नाहीतर ग्रॅफाइटची कोरडी भुकटी लावतात.

आपण कारखान्याचीच घेतो, तेव्हा जुनी आधी वापर. रबरी कडेच्या घट्ट डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून, कुलपात ठेव. तेल मात्र अजिबात लावू नकोस, ते झिरपून प्रायमर, म्हणजे बुडाची दारू पेटवणारी टोपी, निकामी करतं. हिरवं पडून खड्डे पडलेलं काडतूस घासून वापरायचं नाही, बाजूला काढून परवानाधारक दुकानदाराला दाखव.