दिंडीतून आत शिरला म्हणजे नेमकं कुठून?

तुमच्या मुलाचा प्रश्न अगदी रास्त आहे. शिवकाळावरच्या गोष्टीत "हेर दिंडीतून वाकून आत शिरला आणि देवडीवरच्या पहारेकऱ्याने लगेच अडसर सरकवला" असं वाचलं की सहावीतलं पोर विचारणारच, गडावर वारी कुठून आली? त्याला दिंडी म्हणजे टाळ-मृदंग आणि पंढरपूर एवढंच माहीत.

ही दिंडी वेगळी. वाड्याच्या किंवा गडाच्या मोठ्या दरवाज्याच्या एका कवाडातच जे छोटं दार बसवलेलं असतं ना, ती दिंडी, मोल्सवर्थच्या जुन्या मराठी-इंग्रजी शब्दकोशातही हा अर्थ दिलाय. पुण्याला जाणं झालं तर त्याला शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यासमोर उभं करा, हत्तीने धडक मारू नये म्हणून ठोकलेले ते अणकुचीदार खिळे बघून झाले की कवाडातली दिंडी दाखवा आणि त्यातून आत जायला लावा. वाक्यात 'वाकून' का आलंय ते तिथे सांगावं लागत नाही. एका वेळी एकच माणूस, तोही मान खाली घालून, म्हणजे आतल्या पहारेकऱ्याला आधी डोकं दिसणार आणि मग हात. मला विचाराल तर मुलांच्या कादंबरीत अशा शब्दांपुढे कंसात अर्थ नकोच, लेखकाने 'वाकून' लिहिलं तेव्हाच अर्धा अर्थ सांगून झाला होता.

अडसर तर आपण रोज वापरतो, 'कामात अडसर आला' म्हणतो, पण मूळचा अडसर म्हणजे दार आतून बंद करायला आडवा घालायचा जाड लाकडी दांडा. त्यासाठी दोन्ही बाजूच्या भिंतीत चौकोनी खोबण्या असतात, एका बाजूची बहुतेक इतकी खोल की दार उघडं असताना अख्खा दांडा आत सरकून राहतो. कवाडं गेली, लाकूड कुजलं, तरी बऱ्याच गडांवर या खोबण्या अजून आहेत, त्यात हात घालून बघू दे त्याला.

देवडी म्हणजे दरवाज्याच्या आत दोन्ही अंगांना पहारेकऱ्यांना बसायला केलेली जागा. देवळीशी गल्लत करू नका हं, देवळी म्हणजे भिंतीतला दिवा ठेवायचा कोनाडा, एका अक्षराचा फरक आहे म्हणून बरेच जण चुकतात.

आणि त्याचा दुसरा प्रश्न, हवालदार गडावर सगळ्यांना हुकूम कसा काय सोडतो? कारण तो आजचा पोलीस हवालदार नव्हे. तेव्हा गडाचा कारभार हवालदार, सबनीस (हिशेब आणि हजेरी ठेवणारा) आणि सरनोबत (गडावरच्या शिपायांचा प्रमुख) हे तिघे बघायचे, आणि दरवाज्यांच्या किल्ल्या असायच्या हवालदाराकडे. संध्याकाळी दरवाजे नीट बंद झाले का हे त्याने स्वतः जाऊन बघायचं, त्यामुळे तुमच्या गोष्टीतला हेर उशिरा आला असेल तर त्याला आत घ्यायचं की नाही हे हवालदारच ठरवणार.